पायाखालची जमीन कळत नाही तेव्हा : बडोद्यातलं एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ६७, निवृत्त शिक्षिका, राहणार दांडिया बाजार, बडोदा. मधुमेह चौदा वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू. रक्तदाब गोळीनं ताब्यात. वर्षभरात दोनदा पडल्या, हाड मोडलं नाही, पण त्यानंतर घराबाहेर जाणं जवळपास बंद झालं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे. तोल बिघडलेल्या माणसांना तपासून व्यायाम देणं हे माझं काम. मी त्यांना काकू म्हणते, इथेही तेच म्हणेन.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा घरच्यांच्या लेखी विषय संपल्यात जमा होता. वय झालं, साखर आहे, चक्कर येते, तेव्हा आता जपून बसायचं. मुलानं काठी आणून दिली होती. भाजी सून आणत होती. देवपूजेची फुलंसुद्धा कुणीतरी हातात आणून देत होतं. सगळं मायेपोटी, त्यात शंकाच नाही. पण त्या काही महिन्यांत काकूंच्या पायांना उरलंसुरलं काम राहिलं नाही आणि तोल आणखी बिघडला. तोल वापरला नाही तर कमी होत जातो. उलट सांभाळून आणि थोडं थोडं अवघड करत काम दिलं, तर सत्तरीकडे झुकलेलं शरीरसुद्धा तो बराचसा परत मिळवतं. हे मी रोजच्या कामात पाहते, आणि काकूंच्या बाबतीत ते इतकं स्पष्ट दिसलं की सगळं तपशिलात लिहावंसं वाटलं.

पडल्या कशा, कुठे, कधी

कोणीही तोल जातो म्हणून आलं की मी आधी पडण्याची हकिगत विचारते, अगदी बारीकसारीक. पहिल्यांदा काकू पडल्या पहाटे, बाथरूमकडे जाताना. घरच्यांची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नव्हता. दुसऱ्यांदा खंडेराव मार्केटमध्ये. एका हातात भाजीची पिशवी, मागून कुणी तरी "बाई!" अशी हाक मारली, त्यांनी चालता चालता मान वळवली आणि तिथेच कोलमडल्या.

तेव्हा घर किंवा बाजार गरगर फिरला का? नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली? घाम सुटला? छातीत धडधडलं? नाही. मग त्या म्हणाल्या, "डोकं अगदी जागेवर असतं गं. पायच जागेवर नसतात. गादीवरून चालतेय असं वाटतं."

निम्मं निदान त्या वाक्यात होतं. सगळं गरगर फिरतं तेव्हा बहुधा अंतःकर्णाचा दोष असतो. उठल्याबरोबर अंधारी येते तेव्हा रक्तदाब किंवा हृदय तपासायचं. आणि डोकं शांत असून झोकांड्या जातात, अंधारात त्या वाढतात, तेव्हा पायांकडे आणि मज्जातंतूंकडे बघायचं. काकू मात्र कित्येक महिने चक्करेची गोळी घेत होत्या. पहिल्यांदा पडल्या तेव्हा कुणीतरी लिहून दिलेली, पुढे आपसूकच चालू राहिलेली. या गोळ्यांपैकी काहींनी सुस्ती येते, आणि वयस्कर माणसाला त्या दीर्घकाळ दिल्या तर हालचाली मंद आणि ताठर होऊ शकतात. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी सविस्तर पत्र लिहिलं. त्यांनी गोळी बंद केली. मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे आणि काकू शाकाहारी आहेत, या दोन्हींमुळे बी-१२ हे नसांना लागणारं जीवनसत्त्व कमी पडू शकतं, तेव्हा ते तपासावं का, असंही त्या पत्रात विचारलं होतं. ते बरंच कमी निघालं आणि त्याचे उपचार सुरू झाले. ही बाब लक्षात ठेवा, पुढे निकालांच्या वेळी ती आडवी येणार आहे.

तपासणी

उभं राहण्यासाठी मेंदूला सतत तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे आजूबाजूचं सांगतात. अंतःकर्ण डोकं कुठे कललं, कुठे वळलं ते सांगतं. तळपायाची त्वचा, घोट्याचे सांधे आणि पोटरीचे स्नायू खालची जमीन कशी आहे, वजन टाचेवर आहे की चवड्यावर, ते सांगतात. उजेडात, सपाट आणि घट्ट जमिनीवर निरोगी माणसाची सगळ्यात जास्त भिस्त या पायांच्या खबरीवर असते. एका बाजूची खबर बंद झाली की मेंदू उरलेल्या दोघांवर काम भागवतो. अपघात होतो तो उरलेल्यांपैकीही एक हातचा गेला की. काकूंच्या बाबतीत खबर कुठे तुटली होती, हे शोधणं एवढाच तपासणीचा उद्देश होता.

आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर तो दोष धरतात. काकूंचा तसा घसरला नाही. डिक्स-हॉलपाइक चाचणीत, म्हणजे मान एका बाजूला वळवून झटकन मागे आडवं केल्यावर, डोळ्यांची विशिष्ट थरथर झाली नाही. कानातले स्फटिक सरकल्यानं येणारी चक्कर त्यामुळे बाजूला पडली.

मग पाय. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू असतो, तो तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि विचारायचं, कळलं का? काकूंनी डोळे मिटले होते. दोन्ही अंगठे आणि चवड्यावरच्या बहुतेक जागी तंतू वाकला तरी त्या शांतच. मी काही करतेय हेच त्यांना कळलं नव्हतं. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा, म्हणजे आपटल्यावर थरथरत राहणारा धातूचा काटा, अंगठ्यावर अजिबात जाणवला नाही, घोट्यावर पुसटसा. सून शेजारीच उभी होती, ती चमकलीच. आईंच्या पायांना मुंग्या येतात हे तिला माहीत होतं, पण इतकं बधिर असेल अशी कल्पना घरात कुणालाच नव्हती.

पाय जोडून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, ही चाचणी मोरिट्झ रोम्बर्ग या जर्मन वैद्यानं एकोणिसाव्या शतकात मांडली. तिला ना यंत्र लागतं ना खर्च, आणि आजही तिच्याइतकं पटकन बोलणारं दुसरं काही नाही. डोळे उघडे असताना काकू तीस सेकंद बऱ्यापैकी उभ्या राहिल्या. मिटल्यावर सहाव्या सेकंदाला मला त्यांना धरावं लागलं. पहाटेच्या अंधारात बाथरूमच्या वाटेवर झालं होतं ते हेच.

समन्वय तपासताना एक भेद फार उपयोगी पडतो. एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली सरकवायला सांगितली. डोळ्यांनी बघत काकूंनी ती सरळ रेषेत नेली. छताकडे बघत तेच करताना टाच नडगीवरून घसरून बाजूला गेली, परत आली, पुन्हा घसरली. हालचालींचा मेळ घालणाऱ्या लहान मेंदूचा दोष असता तर बघूनसुद्धा ती वेडीवाकडीच गेली असती. नजरेची मदत मिळाली की हालचाल सुधारते, याचा अर्थ हुकूम देणारा मेंदू ठीक आहे, पायांकडून परत येणारी खबर अपुरी आहे. बोटानं नाकाला आणि मग माझ्या बोटाला स्पर्श करण्यात काहीच अडचण आली नाही.

बाकीचे आकडे असे होते. बर्ग तोल मोजपट्टीत १४ कामं असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५६. काकूंना ४१ मिळाले. ४५ च्या खाली गुण असले की पडण्याचा धोका वाढलेला मानतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं, याला १७.५ सेकंद लागले, हातात पाण्याचा पेला दिल्यावर २४. बारापेक्षा जास्त सेकंद लागले तर आम्ही सावध होतो. हाताचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात खुर्चीतून उठणं सात वेळाच जमलं. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या बायकांत अकरापेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. उभ्या जागेवरून हात पुढे करून १४ सेंटीमीटरच पोहोचल्या. पोटऱ्या आखडलेल्या होत्या, खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर.

आणि चष्मा. दूरचं आणि जवळचं एकाच भिंगात. जिना उतरताना माणूस खाली बघतो तेव्हा नजर भिंगाच्या खालच्या, म्हणजे वाचायच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. पाय खबर देत नाहीत म्हणून काकू जास्तीत जास्त डोळ्यांवर विसंबल्या होत्या, आणि डोळेच अर्धेमुर्धे काम करत होते.

घर

तोलाच्या रुग्णाचं घर बघितल्याशिवाय उपचार ठरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. काकूंचं घर जुनं, लाकडी जिन्याचं, प्रत्येक खोलीला चांगला उंच उंबरठा. बेड ते बाथरूम या वाटेवर दोन उंबरठे आणि एक पायपुसणं, तेही सरकणारं. पायात मऊ, जाड तळव्याच्या सपाता. "पायांना बरं वाटतं" म्हणून मुलानं आवर्जून आणलेल्या. ज्या पायांना आधीच कमी कळतं, त्यांच्याखाली मऊ थर घातला की राहिलेलंही कळेनासं होतं. अनवाणी फिरायचीही सोय नाही, कारण बधिर पायाला काही टोचलं तर पत्ता लागत नाही आणि मधुमेहात तेवढी जखम चिघळायला पुरते. म्हणून पातळ पण टणक तळ, मागे टाचेला पट्टा आणि बंद पुढा असलेली घरातली चप्पल घेतली. रोज रात्री सून तळपाय उजेडात बघायची. पायपुसणं काढलं. वाटेवर रात्रभर मंद दिवा आणि उंबरठ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. पहिल्या आठवड्यात व्यायामापेक्षा या गोष्टींनीच जास्त काम केलं.

दिवाणखान्यात पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा होता. बडोद्यातल्या घरात त्याचं नवल नाही. काकूंची आयुष्यभराची बसायची जागा तीच, पण पडल्यापासून त्यावर बसणं सोडलेलं. उतरताना झोपाळा मागे सरकतो आणि पाय पुढे जातात, त्याची धास्ती बसलेली. तुम्हाला काय जमायला हवंय, असं विचारल्यावर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या : झोपाळ्यावरून एकटीनं उतरता यावं, आणि नवरात्रात अष्टमीला गल्लीतल्या गरब्यात बे ताळीची, म्हणजे दोन टाळ्यांच्या ठेक्याची, एक फेरी घ्यावी. व्यायामाची दिशा मग त्यांनीच ठरवून दिली म्हणा ना.

व्यायाम

सुरुवात स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. ओटा हलत नाही, उंचीला बरोबर कमरेशी येतो आणि दिवसातून अनेकदा तिथे उभं राहावंच लागतं. दोन्ही हात ओट्यावर, शरीर सरळ ठेवून घोट्यातून हळूच पुढे झुकायचं, वजन चवड्यांवर आलं की थांबायचं, मग मागे टाचांवर. कमरेत वाकायचं नाही. छोट्या झोकांडीला शरीर घोट्यातूनच सावरतं, मोठीला कमरेतून, आणि त्याहून मोठीला पाऊल टाकून. काकूंचं पहिलंच जवळजवळ बंद पडलेलं, म्हणून त्या जराशा धक्क्यालाही कमरेतून मोडायच्या. याच्या जोडीला टाचा उचलणं, ओट्याला धरून बाजूला चालणं, पोटरीचा ताण आणि खुर्चीतून उठबस.

उठबस वाढवल्यावर गुडघा दुखायला लागला. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवली, संख्या कमी केली, दुखणं ओसरल्यावर उशी काढली. यात विशेष काही नाही, पण इथेच घाबरून अनेक जण सगळंच सोडून देतात.

तोलाचा खरा सराव खोलीच्या कोपऱ्यात झाला. पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्ची, म्हणजे चारी बाजूंनी आधार जवळ, पण अंगाला टेकलेला नाही. आधी पाय जोडून. मग एक पाऊल अर्धं पुढे. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत. प्रत्येक पायरीवर आधी नजर समोर स्थिर, मग मान डावीउजवीकडे, मग डोळे मिटून. जमिनीवर जमलं की पायाखाली चौघडी घातलेली गोधडी. दोन बोटं खुर्चीवर टेकलेली, मग एक, मग हात हवेत. कुठली पायरी कधी चढायची याचा माझा निकष सोपा आहे : डुललं पाहिजे, पण सावरता आलं पाहिजे. अजिबात डुलत नसेल तर तो व्यायाम नुसतं उभं राहणं आहे. दर वेळी खुर्ची पकडावी लागत असेल तर एक पायरी खाली उतरायचं.

दुसऱ्या महिन्यात प्रगती थबकली होती, त्याचं कारण हेच. काकू नेमानं, रोज, मनापासून सगळं करत होत्या, पण सून प्रत्येक वेळी दंड घट्ट धरून उभी. दंड धरला की तोल धरणाऱ्याचा होतो. तिला शिकवलं : बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, एक हात कमरेमागे पण न टेकवता, गेल्याच तर कंबर आणि खांद्याशी धरायचं. रस्त्यात आधार लागला तर आईंनी तुझा हात धरायचा, तू त्यांचा नाही. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसं आहेत, त्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला कळकळीनं वाटतं. पुढच्या आठवड्यापासून चित्र बदलत गेलं.

समन्वयासाठी जमिनीवर खडूनं रांगोळीसारखे पाच बाय पाच ठिपके काढले. मधल्या ठिपक्याशी उभं राहायचं, मी सांगेन त्या ठिपक्याला त्या पायाच्या अंगठ्यानं स्पर्श करून परत यायचं. आधी बघून. मग एकदा बघून, नजर समोर ठेवून. पाय किती गेला हे डोळ्यांऐवजी खुब्याकडून आणि गुडघ्याकडून समजून घ्यायची ही सवय. बधिरता तळव्यात असते, वरचे सांधे बरंच सांगू शकतात, फक्त मेंदूला त्यांचं ऐकायला लावावं लागतं. काकूंनी पुढे स्वतःच ठिपक्यांना क्रमांक दिले आणि नातवाला आकडे पुकारायला बसवलं.

बाजारातल्या पडण्याचं मूळ वेगळं होतं. तिथे उजेड होता, जमीनही बरी होती. पण हातात ओझं, लक्ष हाकेकडे आणि मान वळलेली, तिन्ही एकदम. चालायला लक्ष लागत असेल तर बोलायला ते उरत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये लिहिलं होतं की बोलायला लागताच चालायची थांबणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात. हे तपासायला मी काकूंना चालता चालता रामरक्षा म्हणायला सांगितलं. चाल जराही बदलली नाही. साहजिक आहे, रामरक्षा जिभेवर आहे, तिला लक्ष लागतच नाही. मग सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगितला. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न... आणि काकू थांबल्या. पाय थांबवून एकशे छत्तीस म्हणाल्या आणि मग पुढचं पाऊल टाकलं. चाळीस वर्षं मुलांना पाढे शिकवलेली बाई. माझ्या मते सगळ्या तपासणीत यापेक्षा महत्त्वाचा क्षण नव्हता.

तेव्हापासून सरावात पाढे आले. हातात पाणी भरलेला तांब्या घेऊन दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात. चालताना दोन्ही भिंतींवरच्या तसबिरी आळीपाळीनं बघणं. भिंतीवर लावलेल्या अक्षरावर नजर खिळवून मान भरभर डावीउजवीकडे. दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठ काढत चालणं, मग तेच उलट्या पावली. आणि माझ्यासमोरच करायचा एक व्यायाम : माझ्या तळव्यावर खांद्यानं रेलायचं, मी न सांगता हात काढून घेणार आणि काकूंनी पटकन पाऊल टाकून सावरायचं. घरी हा करायचा नाही, हे मी दर वेळी बजावत असे. पण पडता पडता पाऊल टाकायचं शरीराला आठवावं लागतं, ते नुसतं सांगून येत नाही.

काकूंचे थोरले भाऊ लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचे. ते व्यायाम मंदिर चालवणाऱ्या प्रा. माणिकरावांचं नाव या भागातल्या मराठी घरांत आजही आदरानं घेतलं जातं. पोरसवदा वयात तोल असाच, पडत-सावरत शिकवला जायचा. साठीनंतर नेमका तोच सराव आपण बंद करतो, याचं मला वाईट वाटतं.

झोपाळा शेवटी शेवटी घेतला. आधी तो दोरीनं बांधून, मग सैल सोडून, मग सून हलकेच हलवत असताना. पाय आत घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे, झोपाळा पुढच्या टोकाला आला की उठायचं. बे ताळीचा ठेकाही ओट्यापाशीच बसवला : बाजूला पाऊल, टाळी, वजन परत, वळण. गरबा म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, वळणं आणि हात-पाय एका तालात ठेवणं. तोल आणि समन्वयाचा इतका पूर्ण व्यायाम मला बसून योजता आला नसता.

"आई रोज कमाटीबागेत चालायला गेल्या तर पुरे नाही का?" मुलानं विचारलं होतं. चालणं साखरेला, हृदयाला, मनाला चांगलं आहे, ते सोडूच नये. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरतं असा पुरावा नाही. कोक्रेन ही संस्था जगभरातलं वैद्यकीय संशोधन एकत्र पडताळते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या होत्या : व्यायामानं वृद्धांमधल्या पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं, आणि भक्कम परिणाम तोलाच्या आणि रोजच्या कामांसारख्या व्यायामांचा होता. चालण्याच्या कार्यक्रमांबद्दल तसं खात्रीनं सांगता आलं नाही. आठवड्याला एकूण तीन तास तरी तोलाचं काम व्हावं, असा माझा आग्रह असतो, दिवसभरात तुकडे पाडून चालतं.

चार महिन्यांनंतर

बर्ग ५० वर गेला. उठून चालून परत बसायला ११.८ सेकंद, पेल्यासह १५. खुर्चीतून उठणं अकरा. हात २२ सेंटीमीटर पोहोचला. पाय जोडून, डोळे मिटून वीस सेकंद. या काळात पडणं एकदाही नाही. सतराचा उलटा पाढा चालता चालता पूर्ण होतो, चौतीसपाशी वेग थोडा मंदावतो एवढंच. अष्टमीला फेरी झाली, बाहेरच्या कड्यातून, संथ ठेक्याच्या गरब्यात. झोपाळा पुन्हा त्यांचा झाला आहे.

आता याचं श्रेय कशाला द्यायचं? चक्करेची गोळी बंद झाली, बी-१२ सुरू झालं, चष्मा, चपला आणि दिवा बदलला, आणि व्यायाम झाला. सगळं एकाच वेळी. एका रुग्णावरून हे वेगळं काढता येत नाही. तरी एक गोष्ट बोलकी आहे. नायलॉनचा तंतू काकूंना आजही त्याच जागी कळत नाही. कंपन घोट्यावर थोडं जास्त जाणवतं, अंगठ्यावर अजून नाही. पायांची खबर जवळपास तेवढीच तोकडी राहिली आणि तोल सुधारला, म्हणजे मेंदू मिळेल त्या खबरीवर जास्त चांगलं काम करायला शिकला आणि पायांत सावरण्याइतकी ताकद आली, असं मी समजते. बी-१२ चा फायदा नसांना पुढेही मिळू शकतो, म्हणून तंतूची चाचणी दर काही महिन्यांनी करणार आहे.

हे वाचून कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना कोपऱ्यात उभं करण्याआधी एवढं पाहावं : तोल अचानक गेला असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं दिसत असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखत असेल, तर तिथे व्यायामाचं काम नाही, त्याच घटकेला रुग्णालय गाठायचं. आणि डोळे मिटून करायचे प्रकार कुणी तरी शिकवल्याशिवाय घरी सुरू करू नयेत.

काकूंच्या बाबतीत पुढचा टप्पा मोतीबिंदूचा आहे. शस्त्रक्रिया ठरली आहे. तोल ज्या डोळ्यांवर इतका विसंबून आहे, त्यांची नजर काही आठवडे बदलती राहील आणि नंबर नव्यानं बसेपर्यंत दोन डोळ्यांत फरक असेल. म्हणून तोवर गोधडी आणि डोळे मिटायचे व्यायाम बंद, वाकून करायचं काहीही डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत नाही, जिन्यावर कुणी तरी सोबत, बाकी ओट्यापाशी दोन्ही हात ठेवून चालू. नवा चष्मा आला की पुन्हा पूर्ण तपासणी करायची, रोम्बर्गपासून पाढ्यांपर्यंत.